अक्षरांआधीची रेघ

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, ठाण्यातल्या चरईतील घरात, आतल्या खोलीतल्या पलंगाखाली, हिरव्या रंगाची एक पत्र्याची ट्रंक आहे. संगमेश्वर तालुक्यातले आमचे मूळ घर २०१३ साली उतरवले गेले, तेव्हा माळ्यावर सापडलेले सगळे कागद चुलत्यांनी एका जुन्या धोतरात बांधून ठाण्याला पाठवले आणि अण्णांनी ते त्या ट्रंकेत ठेवले. काही कागदांना वाळवी लागली होती, काही घडीवर फाटले होते, पण बरेचसे धड होते आणि जवळजवळ सगळे पूर्वी मराठी लिहिण्यासाठी वापरत त्या मोडी लिपीत होते. त्या दिवशी ट्रंकेसमोर जमिनीवर बसून मी म्हटले होते, "अण्णा, मी मोडी शिकते आणि हे सगळं तुम्हाला वाचून दाखवते."

मोडीचे पहिले अक्षर मी लिहिले ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या अकरा वर्षांत नेमके काय घडत होते, हे मला आता बऱ्यापैकी कळले आहे. मनात धरलेल्या गोष्टीच्या उंबरठ्याशी अशीच वर्षानुवर्षे उभी राहिलेली कितीतरी माणसे माझ्या ओळखीची आहेत, म्हणून ते नीट लिहून काढावे असे मला वाटते.

त्या अकरा वर्षांत मी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. मोडीच्या मुळाक्षरांची दोन पुस्तके मी घेतली. बोरू आणले, शाईची दौत आणली, आखीव पानांची जाड वही शिवून घेतली. ट्रंकेतल्या कागदांची मोजदाद करून प्रत्येकाला पेन्सिलीने क्रमांक घातला आणि जुन्या कागदाला अपाय करणार नाहीत अशा पाकिटांत ते ठेवले. या लिपीविषयी मिळेल ते वाचले. हेमाडपंताने ती आणली अशी परंपरा असल्याचे मला माहीत होते. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांत फरक असतो आणि पेशवाईतील चिटणीशी वळण देखणे मानले जाते, हेही ठाऊक होते. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ साली कारभारासाठी बालबोध, म्हणजे आजची देवनागरी, लिपी घेण्याचे ठरवले तरी शाळांतून मोडी पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागेपर्यंत शिकवली जात होती, आणि २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे मी कोणालाही सांगू शकत होते. एवढे सगळे माहीत असताना मला मोडीतला "क" काढता येत नव्हता. कागद वाचण्याखेरीज त्या कागदांचे जे जे करण्यासारखे होते, ते सगळे मी केले होते.

आळसाला आपण लगेच ओळखतो, कारण तो रिकाम्या हाताने येतो. संकोच मात्र हातात काम घेऊन येतो, आणि ते काम इतके योग्य, इतके आवश्यक दिसते की त्याला नाही म्हणणे जमत नाही. आधी इतिहास नीट समजून घ्यावा, मग चांगला गुरू शोधावा, मुलीची बारावी होऊन जाऊ द्यावी, दिवाळी अंकांची कामे हातावेगळी व्हावीत, अशी प्रत्येक वर्षी एक रास्त सबब माझ्यापाशी होती. त्यात आपल्याकडे मुहूर्ताची सोय आहे. वर्षाला साडेतीन मुहूर्त मिळतात, आणि त्यांतला दसरा तर सरस्वतीपूजनाचा, म्हणून मी दर दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिच्याशेजारी ती कोरी वही ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी ती वही पुन्हा कपाटात जायची. अशी अकरा वेळा पूजा झालेल्या त्या वहीवर कुंकवाचे अकरा डाग होते आणि शाईचा एकही नव्हता.

आळस आणि संकोच यांत आणखी एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आळशी माणसाला काम टळले की बरे वाटते. संकोच करणाऱ्याला तसे वाटत नाही. टळलेले काम त्याच्या मागे मागे येते, स्वयंपाक करताना येते, लोकलमध्ये येते, रात्री दिवा मालवल्यावर येते. म्हणून अशा माणसाला "जरा मनावर घे" असे सांगणे मला क्रूर वाटते. त्याने ते पुरेसे, कदाचित गरजेपेक्षा जास्तच, मनावर घेतलेले असते.

माझ्या बाबतीत या संकोचाचे मूळ माझ्या व्यवसायात होते. मी गेली २८ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरातली चूक हुडकून काढणे, ही माझी उपजीविका आहे आणि ते काम मला मनापासून आवडते. ह्रस्वाच्या जागी पडलेला दीर्घ, सुटलेला अनुस्वार, चुकीच्या ठिकाणी तोडलेला शब्द, हे मला पानावर नजर टाकताच खड्यासारखे टोचतात. पण वर्षानुवर्षे ज्याच्या डोळ्यांना चूक आधी दिसते, त्याच्या हाताला ती करण्याची धास्ती बसते. पन्नाशी उलटलेल्या वयात, दहा अनोळखी माणसांसमोर, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी अक्षरे काढण्याची कल्पनाही मला सहन होत नव्हती, आणि हे खरे कारण सोडून बाकीची सगळी कारणे मी स्वतःला सांगत राहिले.

पहिली काही वर्षे अण्णा विचारत असत. दिवाळीला भाऊबीज आटोपून मी निघाले की दारात म्हणत, "मोडीचं काय झालं गं?" मी काहीतरी उत्तर देत असे. २०२४ च्या दिवाळीत त्यांनी विचारले नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांचा एक डोळा फारसा सुधारला नव्हता, वय ८६ झाले होते, आणि मी चप्पल घालत असताना ते फक्त "सावकाश जा" एवढेच म्हणाले. त्या न विचारलेल्या प्रश्नाने मला इतके लागले की तलावपाळीवरून घरी येईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नव्हते. त्यांनी मला क्षमा केली होती, आणि मला ती नको होती.

त्याच आठवड्यात एका वाचनालयाच्या फलकावर मी मोडी वर्गाची सूचना वाचली: नौपाड्यातल्या एका शाळेत, दर रविवारी सकाळी दहा ते बारा. पहिल्या रविवारी मी पिशवीत वही, बोरू आणि दौत घेऊन वेळेवर पोहोचले. दुसऱ्या मजल्यावर गेले. वर्गाच्या खिडकीतून आत पाहिले तर सात-आठ जण बाकांवर बसून मान खाली घालून लिहीत होते आणि शिक्षक एकेकाजवळ थांबून वही पाहत होते. ते वही पाहत होते, एवढेच माझ्या ध्यानात राहिले. मी जिना उतरून परत आले, तासभर मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसले आणि घरी गेल्यावर ह्यांना सांगितले की आज वर्ग भरलाच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी त्यांच्याशी खोटे बोलले नव्हते.

पुढच्या मंगळवारी एका नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीची पहिली मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची कच्ची पाने, माझ्या टेबलावर आली. पहिली मुद्रिते जशी असतात तशीच ती होती: पानापानाला दहा-पंधरा चुका, दोन परिच्छेद उलटसुलट झालेले, एका पात्राचे नाव मध्येच बदललेले. मी लाल पेन घेऊन नेहमीप्रमाणे समासात खुणा करू लागले, आणि सातव्या की आठव्या पानावर माझा हात थांबला. या चुकांचा मला मुळीच राग आलेला नव्हता. या लेखकाने लिहायलाच नको होते, असा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आमच्या धंद्यात पहिल्या मुद्रितात चुका असणारच असे सगळे धरून चालतात, त्यासाठीच तर दुसरे मुद्रित असते, आणि त्यानंतर शेवटचे. इतक्या वर्षांत शेकडो लेखकांना मी पहिले मुद्रित विनातक्रार दिले होते. स्वतःला मात्र मी ते नाकारत होते. मला एकदम छापून आलेले, बांधणी झालेले पुस्तकच हवे होते.

हा विचार मला एखाद्या ग्रंथातून मिळाला असता तर मी तो वहीत उतरवून घेतला असता आणि विसरले असते. तो माझ्याच टेबलावर, माझ्याच हातातल्या लाल पेनातून मिळाला, म्हणून तो टिकला. आपापल्या कामात प्रत्येकाला याची प्रचिती रोज येत असते असे मला वाटते. शिंपी कच्ची शिलाई घालतो, सुगरण पहिला घावन तव्याचा अंदाज घेण्यासाठी घालते, गवंडी आधी सुतळी ताणतो. आपल्या सरावाच्या कामात आपण जी सवलत सहज घेतो, ती नव्या कामात घ्यायला लाजतो.

दुसऱ्या रविवारी मी आत जाऊन बसले.

सर सत्तरीचे होते, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझे नाव विचारले, कोरी वही पाहिली, कुंकवाच्या डागांविषयी काही विचारले नाही आणि म्हणाले, "आधी रेघ ओढा." मी विचारले, किती लांब? "पान संपेपर्यंत," ते म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर स्वतः रेघ ओढून दाखवली. बालबोधीत आपण शब्द लिहितो आणि तो पुरा झाला की त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत शिरोरेषा आधी येते. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड रेघ ओढायची आणि मग तिला खाली एकेक अक्षर टांगत जायचे, शक्यतो हात न उचलता. हे मी पुस्तकात अनेकदा वाचले होते. पण प्रत्यक्ष बोरू शाईत बुडवून, त्या रेघेखाली काय लिहायचे आहे हे ठाऊक नसताना, ती पूर्ण ओढून टाकणे हा अगदी वेगळा अनुभव होता. रेघ ओढली की पान कोरे राहत नाही. त्यावर अजून काही बरोबर नाही आणि काही चूकही नाही, पण सुरुवात झालेली असते आणि ती मागे घेता येत नाही.

त्या दिवशी मी एकूण नऊ रेघा ओढल्या आणि त्यांच्याखाली "अ" पासून "ग" पर्यंतची अक्षरे काढली. ती वाईट होती. सरांनी त्यांतल्या दोन अक्षरांभोवती गोल केला आणि म्हणाले, "ही दोन बरी आहेत, बाकीची पुन्हा." या वाक्याची मला अकरा वर्षे भीती वाटत होती, आणि ते ऐकायला अर्धा मिनिटही लागला नाही.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. एक तलाठी होते, त्यांना जुन्या नोंदी वाचण्यासाठी मोडी हवी होती. एक वकिलीचे शिक्षण घेणारा मुलगा होता, बँकेतून निवृत्त झालेले एक जोडपे होते, आणि कळव्याहून येणारी १९ वर्षांची एक मुलगी होती, तिच्याकडून मी सरांइतकेच शिकले. ती सर्वांत जास्त चुका करायची, कारण ती सर्वांत जास्त लिहायची. आम्ही बाकीचे एक ओळ जपून लिहीत असताना तिची चार पाने झालेली असत, आणि सर जवळ आले की आम्ही नकळत वहीवर हात ठेवायचो, तर ती वही उलटी फिरवून त्यांच्यापुढे धरायची. डिसेंबर संपेपर्यंत ती बाराखडीत आमच्या पुढे गेली होती. मोडीत बाराखडी ही मोठी परीक्षा असते, कारण स्वर जोडला की पुष्कळ अक्षरांचा चेहराच बदलतो. त्या मुलीची बुद्धी आमच्यापेक्षा तल्लख होती असे मी म्हणणार नाही. तिच्या चुका लवकर उजेडात येत होत्या आणि लवकर सुधारत होत्या, एवढाच फरक होता.

मुद्रितशोधक म्हणून मला सर्वांत मोठा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तिसऱ्या रविवारी फळ्यावरच्या एका शब्दात मला खटकले म्हणून मी हात वर केला, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "इथे ती चूक नाही." विरामचिन्हे नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, वेलांटी एकच, उकार एकच, आणि तरीही शतकानुशतके याच लिपीत राज्ये चालली, वसुली झाली, भाऊबंदकीचे निवाडे झाले, सासरी गेलेल्या मुलींची खुशाली कळली. माझ्या आयुष्यातली निम्मी दक्षता ज्या नियमांसाठी खर्च झाली, त्यांच्यावाचून माणसे एकमेकांना इतके काही सांगू शकली, हे पाहून माझ्या मनावरचे एक जुने ओझे हलके झाले. ह्रस्व-दीर्घाविषयीचा माझा आग्रह मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण आधी निरोप पोहोचतो आणि शुद्धी मागाहून येते, हा क्रम मला तिथे नव्याने समजला.

वर्गाला जाणे ही एक पायरी झाली. घरी रोज लिहिणे ही दुसरी, आणि ती माझ्यासाठी अधिक कठीण होती. इथे मला एका जुन्या लेखाचा उपयोग झाला. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेल्या एका साध्या कल्पनेवरचा तो लेख काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आला होता. नुसते "मी हे करीन" असे ठरवण्यापेक्षा "अमुक वेळ आली की मी अमुक ठिकाणी अमुक करीन" असे ठरवले, तर ते हातून घडण्याचा संभव वाढतो, असे त्यांचे म्हणणे. मी ठरवले की सकाळी दूध तापायला ठेवले की, ते वर येईपर्यंत, ओट्याच्या कडेला उभे राहून एक ओळ लिहायची. एकच ओळ. दौत आणि बोरू तिथे ठेवणे सोयीचे नव्हते, म्हणून मुलीचे जुने शाईचे पेन घेतले. बोरूचे वळण त्यात येत नाही, पण अक्षर हातात बसण्याला त्याची अडचण होत नाही. दूध उतरल्यावर पुढे लिहावेसे वाटले तर लिहायचे, नाहीतर वही मिटायची. बहुतेक दिवशी मी पुढे लिहिले.

याच गोल्विट्झर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट मला फार लागली. जे उद्दिष्ट आपल्या ओळखीशी जोडलेले असते, ते आपण बोलून दाखवले आणि समोरच्याने त्याची दखल घेतली, की त्यासाठीचे आपले कष्ट कमी होण्याची शक्यता असते, कारण ती ओळख मिळाल्याचे समाधान आधीच हाती पडलेले असते. माझे अगदी हेच झाले होते. अकरा वर्षे नातेवाईक माझी ओळख करून देताना "ही मोडी शिकते आहे" असे कौतुकाने सांगत आणि मी ते नाकारत नसे. "चार लोकांना सांगा, म्हणजे करावेच लागेल" असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. काहींना तो उपयोगी पडतही असेल, पण माझ्यासारख्या माणसांनी तो मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ग सुरू झाल्यावर पहिले चार महिने मी अण्णांना काहीही सांगितले नाही.

ठाण्यात राहणाऱ्याला आरंभाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या शहरातले मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले, आणि ते सुरू करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. ते तेव्हा ऐन विशीत होते. मराठी ग्रंथ एका जागी जमवावेत हा विचार आज आपल्याला स्वाभाविक वाटतो, पण त्या काळी मराठी पुस्तकांसाठी स्वतंत्र संग्रहालय काढणे हे तसे नवलच होते. त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाचा जो इतिहास लिहिला, तोही आधी लहान स्वरूपात आला आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेला. त्या संग्रहालयात मी किती वर्षे बसले, किती संदर्भ तपासले, याची गणती नाही. तरी त्याच्या आरंभाकडे मी कधी या नजरेने पाहिले नव्हते. आज जी संस्था आपल्याला पूर्ण आणि भक्कम दिसते, तिचाही कधीतरी पहिला दिवस होता.

एक गोष्ट मी सुरुवातीला चुकीची ठरवली होती आणि ती सरांनी सुधारली. ट्रंकेत शिक्क्यांचा एक मोठा कागद आहे, सुबक अक्षरांचा. बहुधा जमिनीच्या व्यवहाराचा असावा. पहिल्यांदा वाचेन तर तोच, असे मी मनाशी धरून बसले होते. त्याची छायाचित्रे फेब्रुवारीत मी वर्गात नेली, तेव्हा सर म्हणाले, "हा वर्षभराने बघू. घरातल्या हिशेबाचा एखादा चिठोरा असेल तर आणा." हिशेबात तेच तेच शब्द पुन्हा येतात, आकडे ओळखता येतात, ओळी लहान असतात. शिवाय मोडी वाचताना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षराकडे सरळ जाता येत नाही. आधी ओळखीच्या जागा शोधायच्या असतात: माथ्यावरचे "श्री", त्यानंतरचा शक, पत्र असेल तर शेवटचे "बहुत काय लिहिणे". या खुंट्या सापडल्या की त्यांच्या आधाराने मधल्या अनोळखी मजकुरात शिरता येते. मोठे उद्दिष्ट डोळ्यांपुढे असावे, पण पहिल्या दिवशी हात घालायचा तो त्यातल्या सर्वांत नम्र कागदाला, हे तेव्हापासून मी धरून आहे.

यावर कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, मोडी जाणणाऱ्या कोणाकडून सगळे कागद वाचून घेता आले असते. ही सूचना मला अनेकांनी केली होती आणि ती योग्यच आहे. ज्यांना कागदातली माहिती हवी आहे, त्यांनी तसेच करावे. मला माहितीपेक्षा वाचणे हवे होते. पणजोबांच्या हाताने जिथे वळण घेतले, तिथे माझ्या डोळ्यांनी वळावे, असे मला वाटत होते. आपल्याला फळ हवे आहे की ती करणी हवी आहे, याचा निवाडा माणसाने स्वतःशी प्रामाणिकपणे केला पाहिजे, कारण नुसते फळ हवे असेल तर ते मिळवण्याच्या सोप्या वाटा असतात आणि त्या धरण्यात काही कमीपणा नाही. माझ्या ऐरोलीच्या जाऊबाईंनी पोहायला शिकण्याचा विचार असाच तपासून पाहिला आणि शांतपणे सोडून दिला. त्यांना खरे तर पाठदुखीपासून सुटका हवी होती, ती त्यांना योगासनांच्या वर्गात मिळाली. सोडून देण्याचा निर्णय हादेखील निर्णयच असतो, आणि टांगून ठेवलेल्या संकल्पापेक्षा तो कितीतरी चांगला.

मी निवडलेला चिठोरा क्रमांक ६७ चा होता. शके १८२१ चा, म्हणजे इसवी सन १८९९ चा. पहिली ओळ लागायला मला दोन रविवार लागले: "घर शाकारणीचा खर्च." त्याखाली गवताचे भारे, बांबू, सुंभ, चार गड्यांची मजुरी, प्रत्येकापुढे रुपये, आणे आणि पै. त्यात इतिहासाच्या पुस्तकात जाण्यासारखे काही नाही. पण मृग लागण्याआधी घर शाकारून घेण्याची ती लगबग मला त्या आकड्यांतून ऐकू येत होती. सगळ्यात शेवटी, बेरजेच्या आधी, छपराशी काही संबंध नसलेली एक ओळ होती: कोणाला तरी एक लुगडे, रुपये दोन, आणे चार.

जूनमधल्या एका रविवारी, बाहेर पाऊस लागलेला असताना, मी तो कागद घेऊन चरईला गेले आणि अण्णांना शेजारी बसवून वाचून दाखवला. मध्ये मध्ये अडखळले. मजुरीच्या ओळीला त्यांनी मला थांबवून एका गड्याचे नाव दुरुस्त केले. ते घराणे अजून त्या वाडीत आहे. वाचून संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "लुगडं कोणाला?"

तेच मला लागत नव्हते. कागद नेमका त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर घडीत फाटला आहे. उरलेली अक्षरे "मीस" आहेत, आणि फाटलेल्या अक्षराचा खालचा हुकासारखा एक आकडा तेवढा शिल्लक आहे. अण्णांना लहानपणी ऐकलेली दोन नावे आठवत होती: त्यांच्या आजोबांची बहीण ठमी, ती लग्नानंतर लवकरच माहेरी परत आली होती, आणि चिमी, ती घरात कामाला होती. लुगडे यांतल्या कोणाला मिळाले, यावर त्या घराविषयी बरेच काही अवलंबून आहे असे आम्हा दोघांनाही वाटले.

अण्णांनी भिंग मागितले. मग टेबलावरचे विजेच्या बिलाचे पाकीट उलटे केले, माझ्या हातातले पेन घेतले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. ती शेवटी थोडी खाली उतरली. त्या रेघेखाली, सुमारे पंचाहत्तर वर्षांनंतर, त्यांनी मोडीतला "ठ" काढला, त्याच्याकडे भिंगातून पाहिले, कागदावरच्या त्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

"च काही आठवत नाही," ते म्हणाले आणि पाकीट माझ्याकडे सरकवले. "तो तू काढ."